तोंडाला चव न्हाई, गोळी द्या!

आमच्या मेडिकलच्या काउंटरखाली एक खोका असतो. एक्स्पायरी झालेल्या गोळ्या त्यात टाकायच्या. खोका भरला की एजन्सीवाला तो परत घेऊन जातो. किस्स्यांची मात्र तशी सोय नाही. ते रोज साचतात, एक्स्पायर होत नाहीत आणि परत न्यायला कुणी येत नाही. शेवटी मी ठरवलं, हा खोका तुमच्यासमोरच उलटा करायचा!

मेडिकल पालमचं, एसटी स्टँडच्या समोरच्या ओळीतलं. मालक माझे मामा. मी नांदेडहून बी.फार्म. करून आले आणि ‘देश नंतर सुधारू, आधी पालम’ अशा जोशात काउंटरला उभी राहिले. चिठ्ठी नसेल तर अँटिबायोटिक नाही, गोळी दिली की ती कशासाठी हे सांगितल्याशिवाय गिऱ्हाईक सोडायचं नाही. मामा प्रत्येकाला हसत सांगायचे, "आमच्याकडं गोळी इकत, भाषण फुकट!"

तुम्हाला वाटत असेल, खेड्यापाड्यातले लोक सगळ्यात जास्त तक्रार गुडघ्याची करत असतील. साफ चूक. सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे, "तोंडाला चव न्हाई." तापातून उठलेला तेच म्हणतो, पोट बिघडलेला तेच म्हणतो, बायकोशी भांडून आलेलाही तेच म्हणतो. आणि या सगळ्यांच्या चिठ्ठीवर शेवटची ओळ एकच असते, झिंकची गोळी!

मला संशय यायला लागला तो इथून. शरीरात झिंक कमी पडलं तर जिभेची चव जाते, हे खरं आहे. गोळीनं ती परत येते, हेही खरं. पण कमी पडलंय की नाही हे बघणार कोण? आख्ख्या तालुक्याचं झिंक एकदमच कसं कमी होईल?

*

एक आबा आले. खांद्यावरच्या टॉवेलनं काउंटर पुसून घेतला, मग त्यावर हात टेकवला.

"तोंडाला चव न्हाई. पर दोष माझा न्हाई, जवारीचा हाय."

"ज्वारीचा?"

"बियाणं बदललं ना! पहिल्या भाकरीची चवच या भाकरीला न्हाई."

मी विचारलं, "आबा, घरातल्या बाकीच्यांना लागते का भाकरी गोड?"

"लागती म्हणतेत."

"मग ज्वारी कशी बिघडली? तुमच्या जिभेचं काहीतरी बघायला पाहिजे."

आबांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "पोरी, जीभ जन्मापासून हीच हाय. बियाणं दर सालाला नवं येतं. मंग सांग, बदललं कोण?"

मामांनी झिंकची पट्टी हातात घेतली आणि शांतपणे विचारलं, "आबा, मंग ही गोळी तुमाला देऊ का जवारीला?"

*

त्याच गोळीच्या कंपनीचे एम.आर., म्हणजे गोळ्या खपवणारे प्रतिनिधी, एका भर दुपारी आले. टाय, बॅग, चकचकीत कार्ड. कार्डावर एक बाई पुरणपोळीकडं बघून हसत होती आणि खाली लिहिलं होतं, ‘चव परत, भूक परत!’

"आन् पैसे?" मामांनी विचारलं.

एम.आर. हसले. मी नाही हसले. मी विचारलं, "झिंक कमी नसलेल्या माणसाला ही गोळी दिली तर काय उपयोग?"

"मॅडम, कमी नसेल तर थोडं जास्त होईल. जास्त असणं चांगलंच ना?"

"उगाच महिनोन् महिने घेतलं तर अंगातलं तांबं कमी होतं."

"एवढं कोण घेतंय, मॅडम?"

"आणि चव जायला दहा कारणं असतात. ताप असतो, दुसरी औषधं असतात, किडके दात असतात, तंबाखू असतो."

त्यांचा चेहरा एकदम खुलला. "तेच तर सांगतोय! दहा कारणं, एकच गोळी!"

तेवढ्यात स्टँडवरचा चहा आला. स्टँडवरचा चहा म्हणजे पाक. ग्लास खाली ठेवला तर काउंटरला चिकटतो. एम.आर.नी एक घोट घेतला, थांबले आणि विचारलं, "यात साखर विसरलेत का?"

मी आणि मामांनी एकमेकांकडं पाहिलं. मामांनी अगदी जपून विचारलं, "सायेब, तुमी सोता ही गोळी घेता का?"

"रोज!" ते म्हणाले. "आपला आपल्या प्रॉडक्टवर विश्वास पाहिजे."

*

आता गयाबाई. इथून पुढं त्या वारंवार येणार, म्हणून नीट ओळख करून देते. राणीसावरगावकडच्या. वय साठीच्या आसपास, आवाज तिशीतला. बीपीच्या गोळ्या आमच्याकडूनच न्यायच्या. त्या दिवशी एसटीतून उतरल्या त्या सुनेला पुढं घालूनच. सून सुनीता, माहेर पिंगळीचं.

"ताई, हिच्या तोंडावर सांगते," गयाबाई म्हणाल्या. "ही बिनमिठाचं रांधायलीय. आज न्हाई, लय दिसापासून. पिंगळीला रेल्वे थांबती म्हणं, मीठ न्हाई का उतरत तिथं? मला उपाशी मारायचा बेत हाय हिचा!"

दुकानातली चार माणसं गोळ्या विसरून सुनीताकडं बघायला लागली.

सुनीतानं पिशवीतून स्टीलचा डबा काढला, काउंटरवर ठेवला आणि झाकण उघडलं. आत शेपूची भाजी होती.

"ताई, तुमीच खाऊन सांगा."

मेडिकलच्या काउंटरवर लोक कशाकशाचे नमुने आणून ठेवतात, पण भाजीचा नमुना मी पहिल्यांदाच पाहिला! चिमूटभर तोंडात टाकली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मामांनीही घेतली. ते सरळ माठाकडं गेले.

"बाई," तोंड पुसत ते म्हणाले, "ही भाजी हाय का लोणचं?"

गयाबाईंनी डबा ओढला, घासभर भाजी खाल्ली, शांतपणे चावली. "आळणी," त्या म्हणाल्या. "झालं! मेडिकलवालेबी फितूर!"

मला तर सुनीताचाही संशय आला. कशावरून तिनं आज मुद्दाम मूठभर मीठ टाकून आणलं नसेल? तिला ते कळलं असावं. गयाबाई बीपी मोजायला मामांसमोर बसल्या तेव्हा ती हळूच म्हणाली, "रोज असंच हाय, ताई. आत्या तापातून उठल्या तवापासून त्यांना काहीच लागंना." तिकडं सासूला आत्या म्हणतात. "मीठ कमी म्हणून ताट सरकवतेत, उपाशी राहतेत. मंग माझी मूठ वाढत गेली. आता घरात सगळेच तांब्या घेऊन जेवायला बसतेत."

"अगं, त्यांना बीपी आहे! एवढं मीठ म्हणजे त्यांना विष आहे."

"मला कळतंय हो. पर कमी केलं की गल्लीभर सांगतेत. बाया माझ्याशी बोलतानी माझ्या हाताकडं बघतेत. हीच म्हणतेत, सासूला मीठ न देणारी."

"घरातल्यांचं वेगळं काढायचं."

"दोन पातेली ठिवली तर म्हणतेल, चोरून खायलेत."

गयाबाई बीपी मोजून उठल्या. बीपी वाढलेलंच होतं. जाता जाता त्यांनी सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा निकाल दिला, "येळवशीची पंगत बसू दे. माझे भाऊ येतेल, भावजया येतेल, सगळ्यांपुढं हिचं ताट ठिवते. त्यांनी खाऊन सांगावं. मंग हिला पिंगळीच्या गाडीत बसवून देते, कायमची!"

*

मी त्याच संध्याकाळी चिठ्ठ्या लिहिणाऱ्या डॉक्टरांकडं गेले. गयाबाईंच्या चिठ्ठीवरही शेवटी झिंक होतंच ना, मीच ते दिलं नव्हतं! गेले ती भांडायलाच.

"सर, तपासणी न करता सगळ्यांना झिंक का लिहिता?"

ते शेवटचा पेशंट संपवून हात धूत होते. "बस," म्हणाले. "तपासणी परभणीला किंवा त्याच्याही पुढं. तिथं जायला यायला एक दिवस, रिपोर्टला आणखी दिवस. गोळी इथं. शिवाय काहीच लिहिलं नाही, तर पेशंट म्हणतो, डॉक्टरनं ऐकलंच नाही."

"म्हणजे ऐकलं हे दाखवायला गोळी?"

"कधीकधी लागू पडते. खरंच कमतरता असेल तर झकास लागू पडते. कुणाला कमतरता आहे ते मला चेहऱ्यावरून कळत नाही. तुला कळतं?"

मला कळत नव्हतं, पण माझा राग तेवढ्यानं जाणार नव्हता. "म्हणजे अंधारात दगड!"

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "कोरोनात माझी चव आणि वास दोन्ही गेले होते. चव आली. वासाचं अजून काही खरं नाही. कोथिंबीर नाकाला लावली तरी गवत."

"झिंक घेतलंत?"

"घेतलं की."

"मग?"

"मग सवय झाली," ते म्हणाले आणि दिवा घालवायला उठले.

मी भांडायला गेले होते हे मला रस्त्यात आठवलं.

*

यानंतर मी ठरवलं की, झिंकची पट्टी देताना प्रत्येकाला पूर्ण माहिती द्यायची. लपवाछपवी नको. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे माणिकराव. कापसाचे मोठे शेतकरी, बोलायला सडेतोड.

"झिंक?" त्यांनी चिठ्ठी लांब धरून विचारलं. "म्हंजी आपण कापसाला टाकतो तेच?"

मला इतका आनंद झाला! विज्ञान समजावून सांगायला याहून सोपं काय मिळणार? "अगदी तेच, काका! आपल्या जमिनीत झिंक कमी असलं की पानं पिवळी पडतात, वाढ खुंटते, बरोबर? तसंच माणसाच्या शरीरातही कमी पडू शकतं."

"असं व्हय!" माणिकराव खूश झाले. मीही खूश झाले. त्यांनी पट्टी परत माझ्याकडं सरकवली. "मंग ही राहू द्या. घरी आर्धं पोतं पडलंय."

मी किंचाळलेच. "काका! ते खायचं नसतं!"

"आता तूच म्हणलीस ना, तेच हाय म्हणून?"

मी पुढची सगळी बडबड एका दमात केली. शेतातलं झिंक शुद्ध नसतं, त्यात काय काय असतं, पोटात गेलं तर किती भयंकर त्रास होईल, त्याचा खडासुद्धा तोंडात घालायचा नाही. माणिकरावांचा चेहरा जरा पडला.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"काई न्हाई. दोन दिसामागं पोतं फोडलं तवा बोटाला लागलं व्हतं. सहज जिभेला लावून बघितलं."

मी काउंटरवरून पुढं वाकले. "मग? पोटात गेलं का? उलटी झाली?"

"न्हाई, थुकलो की लगीच. कडू जहर व्हतं!"

मामांनी चिठ्ठी घडी करून त्यांच्या खिशात कोंबली. "माणिकराव, मंग चव हाय की तुमाला! जावा घरी!"

*

बोलून काही होत नाही म्हटल्यावर मी पुरावा गोळा करायचं ठरवलं. साधी युक्ती होती. चार कागदी कप घ्यायचे. एकात साखरेचं पाणी, एकात मिठाचं, एकात लिंबाचं, एकात मेथ्या भिजवलेलं कडू पाणी. झिंक सुरू करण्याआधी एकदा पाजायचं आणि पट्टी संपल्यावर पुन्हा. कपात काय आहे ते सांगायचं नाही. गोळी खरी की खोटी, जीभच सांगेल!

मला एक गोष्ट लक्षात आली नव्हती. आमच्याकडं कुणी काय आहे ते न सांगता काही प्यायला दिलं की लोक एकच म्हणतात, "आधी तू पी!"

पहिले आजोबा म्हणाले, आधी तू पी. मी प्यायले. त्यांच्या पाठीमागची बाई म्हणाली, माझ्यापुढं पी. मी परत प्यायले. दुपारपर्यंत गावात बातमी पसरली, "मेडिकलवाली पोरगी लोकांना काहीतरी पाजायलीय!" मग खास बघायलाच माणसं आली आणि त्या प्रत्येकासाठी मी चारही कप प्यायले. शेवटी मामांनी चहा दिला, तर मला तो चहा आहे की मेथ्या हेच कळेना.

"लिहून घ्या," मामा गिऱ्हाइकांना म्हणाले. "पहिला पेशंट सापडला. झिंक हिलाच द्या!"

गयाबाईही त्याच आठवड्यात आल्या, सुनीतासह. त्यांनी मला कप आधी प्यायला लावले नाहीत. त्या धीट आहेत. मिठाचा कप एका घोटात संपवला.

"काय लागलं?"

"पाणी."

साखरेचा कप घेतला. "पाणी." लिंबाचा घेतला, थोडं थांबल्या. "पाणीच, जरा शिळं." मेथ्यांचं कडूजहर पाणी त्यांनी असं प्यायलं की, बघणाऱ्यांचीच तोंडं वाकडी झाली. "पाणी."

मला पहिल्यांदा भीती वाटली. तोवर मला वाटत होतं, सासूसुनेचं भांडण आहे, त्यात जिभेचं निमित्त. पण या बाईला खरोखर काहीच लागत नव्हतं. जेवण म्हणजे रोज दोन वेळा माती चावणं, आणि समोर वाढणारी एकच माणूस. त्यांनी दुसरा कुणाचा संशय घ्यायचा?

"बघितलं का, आत्या?" सुनीता म्हणाली. "त्यात मीठ व्हतं. माझ्या हातचं न्हाई, ताईंच्या हातचं." तिनं मिठाच्या पाण्याचा दुसरा कप घेतला, एक घोट घेतला आणि तोंड कसंनुसं केलं.

गयाबाईंनी तिच्याकडं टक लावून पाहिलं. "नाटक," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं बोट केलं. "हिनं चारी बारीला पाणीच दिलं. तुमी दोघी मिळून खेळायल्यात माझ्याशी!"

बोलताना त्यांचे दात दिसले. काळेभोर. माझ्या डोक्यात एकदम ट्यूब पेटली. "मावशी, मिश्री लावता?" तंबाखू भाजून केलेली काळी पूड, बाया दातांना घासतात ती.

"लावते की. सकाळी, दुपारी, निजताना. तिच्याशिवाय मला गमत न्हाई."

"तंबाखूनंही चव मरते. मिश्री बंद करा."

"मिश्री मी परकर नेसायची तवापासून लावते. चव आत्ता गेली. मंग दोष मिश्रीचा कसा?"

ज्वारीवाल्या आबांचंच गणित! मला वाटतं, आमच्या भागात सगळे एकाच मास्तरकडं शिकलेत. मी चिडून झिंकच्या केशरी गोळ्यांची पट्टी त्यांच्या हातात ठेवली. "मावशी, हुज्जत नको. मिश्री सोडायची आणि तिच्या जागी ही गोळी घ्यायची. येळवशीपर्यंत. तरी चव आली नाही, तर सुनेला काय म्हणायचं ते म्हणा."

हे मी बोलून गेले आणि सुनीतानं माझ्याकडं असं पाहिलं की, मला शब्द परत घ्यावासा वाटला. ज्या गोळीवर माझाच विश्वास नव्हता, तिच्यावर मी त्या पोरीचं घर ठेवलं होतं.

*

येळवस जवळ आली तशा गयाबाई एक दिवस एकट्याच आल्या. काउंटरशी येऊन हसल्या आणि मी दचकले. काळे दात केशरी झाले होते!

"गोळ्या संपल्या. आजून दे."

"एवढ्यात कशा संपल्या? रोज एकच घ्यायची होती."

"एकीनं पुरत न्हाई. समोरच्या दातालाच व्हती, दाढा राहतेत."

मला काही सुधरेना. त्यांनी कमरेची डबी काढली. मिश्रीचीच, ओळखीची. आत मिश्री नव्हती. केशरी पूड होती.

"कुटून ठिवते," त्या समजावून सांगायला लागल्या, जसं काही गोळी घ्यायची रीत मलाच माहीत नव्हती. "सकाळ, दुपार, निजताना. बोटावर घ्यायची, नीट घासायची. पयली थुकायची, मंग गिळायची. तूच म्हणलीस ना, मिश्री सोड आन् तिच्या जागी ही घे. सोडली. घेतली."

मामा फडताळाकडं तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

"मावशी, ती गिळायची असते! आख्खी. जेवण झाल्यावर. पाण्याबरोबर!"

"आगं बाई!" गयाबाई म्हणाल्या. "मंग मिश्री नेमकी कवा लावायची?"

मी कपाळाला हात लावला. पुन्हा सगळं सांगितलं. रोज एक, गिळायची, मिश्री नाही, वरचं मीठ नाही. त्यांनी मान डोलावली. ती कबुलीची होती की निरोपाची, माहीत नाही.

"बरं, चवीचं काय?" मी विचारलं.

"कशाची चव! भाकर म्हंजी पुठ्ठा." मग जरा थांबून म्हणाल्या, "पर सकाळच्याला तोंडात खिळा धरल्यावानी लागतंय."

मामांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मी मामांकडं. खिळा तर खिळा, काहीतरी लागायला लागलं होतं! पण ते जिभेचं होतं की नुसतं त्या पुडीचं?

*

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावात चिटपाखरू नसतं, सगळे शेतात जेवतात. मेडिकलला कुलूप लागलं. सुनीतानं फोन करून बजावलं होतं, "ताई, तुमी याच. मामालाबी आणा. तुमी दोघांनी माझी भाजी खाल्लेली हाय."

शेतात कडब्याची खोप, खोपीत पांडवांची पूजा, बाहेर चादरी अंथरलेल्या. गयाबाईंचे भाऊ, भावजया, भाचे, शेजारचे, मिळून दोन पंगती होतील इतकी माणसं. ताकातल्या आंबिलीचं मडकं, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि भज्जी. भज्जी म्हणजे तूर, वाटाणा, हरभरा, पालेभाज्या सगळं एकत्र शिजवलेली दाट भाजी. येळवशीला बाईची परीक्षा भज्जीवरच होते.

सुनीता मला खोपीमागं घेऊन गेली. तिथं दोन पातेली होती, एक मोठं, एक लहान.

"काय करू, ताई?" ती म्हणाली. "बेताचं मीठ टाकलं तर आत्या सगळ्यांपुढं म्हणतेल, आळणी. आत्यांच्या मापानं टाकलं तर पाव्हणे थुकतेल. म्हणून दोन केल्या. मोठ्यातली सगळ्यांना. ल्हान्यातली आत्यांना, रोजच्या मुठीची."

"गोळी घेतात का आता? गिळून?"

"काय की. डबी कमरेलाच असती. त्यात काय हाय ते मला दाखवत न्हाईत."

पंगत बसली. गयाबाई मधोमध, भावांच्या शेजारी. त्यांनी पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "जेवा. आन् खरं खरं सांगा. कुणी तोंड राखायचं न्हाई. पिंगळीची गाडी चुकायची न्हाई आज."

सुनीताच्या नवऱ्यानं मान खाली घातली. ती स्वतः वाढत होती. मोठ्या पातेल्यातली भज्जी सगळ्यांना, लहानातली आत्यांना. माझ्या पानात पडली ती मी लगेच चाखली. उत्तम होती. मामांनी नजरेनंच सांगितलं, मीठ बरोबर. थोरल्या भावानं एक उंडा संपवून दुसरा घेतला. सगळे गयाबाईंच्या तोंडाकडं बघत होते.

गयाबाईंनी उंड्याचा तुकडा मोडला, भज्जीत बुडवला, तोंडात टाकला. चावला. थांबल्या.

पुन्हा चावला. त्यांचे डोळे मोठे झाले. मग त्या बाजूला वाकल्या आणि घास मातीत थुंकला.

"वीख!" त्या ओरडल्या. "खारट वीख! आगं, भज्जी हाय का मीठ कालवलंय? किती टाकलंस, किती टाकलंस?" त्यांनी आंबिलीचा ग्लास तोंडाला लावला, घोट घेतला आणि दचकून ग्लासाकडं पाहिलं. "आन् हे आंबट हाय!"

थोरल्या भावानं उंडा खाली ठेवला. "आक्का," तो म्हणाला, "तू तर सांगायलीस, ही मीठच टाकत न्हाई म्हणून?"

सगळ्यांनी सुनीताकडं पाहिलं. ती लहान पातेलं कडेवर धरून उभी होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. तिनं पळी पातेल्यात सोडली, पदरानं नाक पुसलं.

"आत्या," ती म्हणाली, "परत एकदा म्हणा. जरा मोठ्यानं. त्या पलीकडच्या बांधावरच्या बायांना ऐकू गेलं न्हाई!"